धुतलेली गोधडी

ती गोधडी मी माझ्या हातांनी धुतली. मशीनला लावली नाही. मशीनवर माझा विश्वास नाही, ते कपडे नुसते गरागरा फिरवतं आणि धुतले म्हणून सांगतं. न्हाणीघरात पाटावर बसून मी ती गरम पाण्यात भिजत घातली, साबण चोळला, धोपटली, तीन पाण्यांतून काढली. शेवटच्या पाण्यात जंतुनाशकाचं झाकणभर औषधही टाकलं. गच्चीवर दोन दिवस कडक ऊन दाखवलं, चौपदरी घडी घातली, वरून हात फिरवला आणि नव्या कापडी पिशवीत ठेवली. एवढं मन लावून केलेल्या दुसऱ्या कुठल्याच कामाचा मला इतका पस्तावा झालेला नाही.

आम्ही दोघं अंबरनाथला पूर्वेला राहतो, तळमजल्यावर. माझे यजमान औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते, आता निवृत्त आहेत. मी पहिल्यापासून घरीच. स्वच्छतेच्या बाबतीत मी जरा अतीच आहे हे मला माहीत आहे, आणि माहीत नसतं तर शेजाऱ्यांनी सांगितलंच असतं. फरशी दिवसातून दोनदा पुसायची. बाहेरून आलेल्याने आधी पाय धुवायचे, मग बोलायचं. "आमच्याकडे देवसुद्धा पाय धुऊन आत येतो," असं हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात आणि माझ्याकडे बघून हसतात.

अशा बाईच्या घरात रस्त्यावरची कुत्री शिरली ती उल्हासनगरच्या एका बाईमुळे. तिचं तिकडे कॅम्पात, म्हणजे जुन्या निर्वासित छावणीच्या भागात, कापडाचं दुकान आहे. मी तिला कॅम्पवाली म्हणते, तोंडावरसुद्धा. सिंधी आहे, वयाने माझ्याएवढीच, आणि आवाज असा की पलीकडच्या गल्लीतलं गिऱ्हाईक वळून बघावं. वीसेक वर्षं मी तिच्याकडून ब्लाउजपीस आणि अस्तराचं कापड घेत आलेय. दुकानामागे एका खोलीत ती जखमी कुत्री सांभाळते हे मला माहीत होतं, पण त्या खोलीकडे मी नाकाला पदर लावूनच बघायची. एक दिवस कापड मोजता मोजता ती म्हणाली, "भाभी, दोन दिवस एक कुत्री ठेवता का? बहोत डरती है. इथे गाड्या, हॉर्न. तुमचं घर शांत आहे." मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हटलं. अजून मला कळलेलं नाही कसं.

दोन दिवसांचे दोन महिने झाले, आणि एकीच्या सात झाल्या. याला फोस्टर करणं म्हणतात. कायमचं घर मिळेपर्यंत कुत्रं आपल्याकडे ठेवायचं, त्याला माणसांत आणायचं आणि घर मिळालं की देऊन टाकायचं. हे त्याला माहेरपण म्हणतात. आमच्याकडे सगळी भित्रीच यायची, कारण आमच्या घरात बेल नाही, पोरंबाळं नाहीत, आणि टीव्हीवरची भांडणं ह्यांना सोसत नाहीत म्हणून टीव्हीही हळू. नाव मी कुणाचंच ठेवत नाही. नाव नव्या घराने ठेवावं, हा माझा नियम. कुत्री असली की 'बाई', कुत्रा असला की 'बुवा', एवढ्यावर आमचं भागतं.

मी सांगतेय ती सातवी. मोरिवलीला एका बंद कारखान्याच्या मागे सिमेंटच्या पाइपात सापडली होती. अंग मातकट रंगाचं, एका कानाचं टोक नसबंदीच्या ऑपरेशनची खूण म्हणून कापलेलं, आणि पाठीवर तळहाताएवढी जागा उघडी. तिथे केस नव्हतेच. कुणीतरी तिच्यावर उकळतं पाणी फेकलं होतं. त्यामुळे समोरून येणारं माणूस म्हणजे तिच्या लेखी हातात पातेलं घेतलेलं माणूस. आषाढात तिला आणली, ती दारातून सरळ बाहेरच्या खोलीतल्या पलंगाखाली गेली आणि भिंतीला चिकटून बसली. खोलीत कुणी असेल तर खायची नाही. पाणीसुद्धा आम्ही झोपायला दुसऱ्या खोलीत गेलो की पिऊन घ्यायची.

त्या दिवसांत फरशीला ओल धरली होती. ती गारठ्यात बसलेली मला बघवेना. कपाटात हात घातला तर माझ्या आईने शिवलेली गोधडी हाताला लागली. आईच्या दोन जुन्या लुगड्यांची, कडेला तिच्या वाकड्या टाक्यांची. आता परगावी असलेला माझा मुलगा याच गोधडीवर वाढला. जरा विरली होती, पण स्वच्छ होती. मी ती काठीने पलंगाखाली सरकवली. सकाळी बघते तर बाई गोधडीच्या मधोमध, नाक कडेखाली खुपसून. मी ह्यांना म्हटलं, "आता ही गोधडी गेली म्हणायची." हे म्हणाले, "गेली नाही, उपयोगाला आली."

कॅम्पवालीने मला पहिल्याच दिवशी फोनवर बजावलं होतं, "भाभी, उसको देखना मत. हाक मारू नका, हात पुढे करू नका. तिच्याकडे पाठ करून बसा, आपलं काहीतरी काम करा. कुत्र्याला पाठीची भीती नाही वाटत." म्हणून रोज दुपारी मी पलंगाकडे पाठ करून जमिनीवर बसू लागले आणि वाल सोलू लागले. भिजवून मोड आणलेले वाल कोमट पाण्यात टाकायचे आणि एकेक दाणा चिमटीत दाबून सालातून बाहेर काढायचा. या वालांचं बिरडं, म्हणजे उसळ, खायला दहा मिनिटं लागतात, सोलायला दुपार जाते. ह्यांनी एवढं बिरडं आयुष्यात खाल्लं नसेल. सोलता सोलता मी बोलायची. भाजीवाल्याने काय फसवलं, वरच्या मजल्यावरच्यांच्या कुंड्यांचं पाणी कुठे गळतं, सगळं भिंतीला सांगायची. मागून एक श्वास ऐकू यायचा, बाकी काही नाही.

एकवीस-बावीस दिवस गेले असतील. मी घरातल्या गाऊनमध्ये होते, केस वर बांधलेले. मानेखाली, गाऊनच्या गळ्याच्या वर, मला काहीतरी गार आणि ओलं लागलं. मी हलले नाही. चिमटीत वालाचा दाणा होता तो तसाच राहिला. ते नाक एकदा लागलं, मागे झालं, पुन्हा लागलं आणि मग बराच वेळ तिथेच राहिलं. ती माझा वास घेत होती. समोर दारात हे उभे होते, चष्मा काढून हातात धरलेला. आम्ही दोघंही रडत होतो, आवाज न करता, कारण आवाज केला असता तर ती पळाली असती.

त्यानंतरचे सहा महिने ती कधी माझ्या समोरून आली नाही. हाक मारली तर पलंगाखाली. पण मी कुठेही पाठ करून उभी राहिले, ओट्याशी, देवघराशी, कपडे घड्या करताना, की दोन मिनिटांत ती मागे येऊन उभी. बसले की पाठीला पाठ लावून बसायची. तिच्या त्या उघड्या जागेची ऊब गाऊनमधून लागायची. एकदा हे म्हणाले, "हिला ठेवून घेऊ या." मीच नाही म्हटलं. ह्यांच्या हृदयाचं एकदा झालेलं, माझे गुडघे असे, उद्या आमचं काही झालं तर तिने पुन्हा कुणाच्या पलंगाखाली जायचं? शिवाय एकीला ठेवलं की पुढचीला दार बंद. मी बरोबर बोलत होते, असं मला आजही वाटतं. त्याने काही फरक पडत नाही, ही गोष्ट वेगळी.

तिला घर मिळालं बदलापूरला. नवीन टॉवरमधलं तरुण जोडपं, दोघंही आठवड्यातले बरेच दिवस घरून काम करणारी. पाच रविवार ती दोघं आमच्याकडे आली, दारात न सांगता पाय धुतले, आणि पलंगाकडे पाठ करून माझ्या शेजारी वाल सोलत बसली. पाचव्या रविवारी बाईने त्या मुलीच्या ओढणीचा वास घेतला. माणसं चांगली होती. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून कुणी त्यांना दोष देईल.

द्यायच्या आधी चार दिवस कॅम्पवालीचा फोन आला. "गोधडी साथ में देना. आणि धुवायची नाही हां, भाभी. जैसी है वैसी. तिला तिकडे तुमचा वास पाहिजे." मी हो हो म्हटलं.

मग मी गोधडी पलंगाखालून बाहेर ओढली आणि उजेडात धरली. कुत्र्याचा वास, माझ्या केसांच्या खोबरेल तेलाचा वास, केस, कुठे सांडलेल्या दहीभाताचा डाग. आणि ही मी दुसऱ्याच्या घरी पाठवायची? नव्या फ्लॅटमध्ये, पांढऱ्या फरशीवर? त्या जोडप्यातल्या मुलाची आई त्या दिवशी तिथे असणार होती. ती गोधडी दोन बोटांत उचलेल आणि म्हणेल, अंबरनाथच्या बाईंनी हे दिलं? आपल्याकडे शेजारचा डबा परत करतानासुद्धा घासूनपुसून, आत काहीतरी घालून देतात. माझ्या घरातून मळकी वस्तू बाहेर गेली असं आजवर झालेलं नव्हतं. मला वाटलं, कुत्र्यांचं कॅम्पवालीला कळतं, पण घरादाराचं मला कळतं. आणि मी पाणी तापत ठेवलं.

गोधडी गच्चीवर वाळत होती ते दोन दिवस बाई पलंगाखाली उघड्या फरशीवर झोपली. बरोबर गोधडीच्याच जागी. ती फरशी हुंगायची, गोल फिरायची, पुन्हा हुंगायची. मी म्हटलं, "थांब गं बाई, वाळतेय." एवढं बघूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

बदलापूरला त्यांच्या गाडीतून गेलो. दुसरा मजला. मी खोबऱ्याच्या वड्यांचा डबा मुलाच्या आईच्या हातात दिला आणि सोफ्यामागच्या कोपऱ्यात गोधडी चौपदरीच अंथरली. त्या बाई म्हणाल्या, "किती स्वच्छ ठेवलीय हो!" मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. बाईने गोधडीच्या कडेला नाक लावलं, मागे सरली आणि भिंतीशी उघड्या टाइल्सवर जाऊन उभी राहिली. मी स्वतःशी म्हटलं, नवीन जागा आहे, होईल सवय.

निघताना गाजावाजा करायचा नाही, निरोप घेत बसायचं नाही, हाही कॅम्पवालीचा नियम, आणि तो मी पाळला. कुणाला काही न बोलता दाराशी गेले आणि चपलेचा पट्टा लावायला वाकले. मानेखाली गार, ओलं नाक लागलं. सगळ्या अनोळखी माणसांमधून वाट काढून ती आली होती, कारण मी पाठ केली होती. सहा महिने माझ्या पाठीचा अर्थ मी तिला एकच शिकवला होता, की ये. मी वळले नाही. वळले असते तर तिला घेऊन आले असते. मी तशीच बाहेर पडले आणि मागे दार लागलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या मुलीचा फोन आला. ती इतकी रडत होती की आधी मला वाटलं कुणी माणूस गेलं. सिलिंडरवाला आला होता, दार उघडं, त्याने भरलेला सिलिंडर फरशीवर ठण्णकन टेकवला. बाई सोफ्यामागून निघाली, त्याच्या पायांमधून गेली आणि जिने उतरून नाहीशी झाली.

आम्ही रिक्षाने पोचलो तेव्हा कॅम्पवाली दुकान टाकून आधीच आली होती. सोसायटीच्या कॅमेऱ्यात बाई मागच्या भिंतीच्या खिंडारातून पलीकडे जाताना दिसली होती. पलीकडे नाला, एक मोठी चिंच, झुडपं, आणि त्यामागे जुनी गावठाणातली घरं. कॅम्पवालीने सगळ्यांना थांबवलं. "कोणी धावायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. ती इथेच आहे कुठेतरी. तिची गोधडी आणा. चिंचेखाली टाकू. वासावर येईल."

ती मुलगी धावत जाऊन गोधडी घेऊन आली. मी घातलेली घडी तशीच होती. तीन दिवसांत एक सुरकुती नाही, एक केस नाही. कॅम्पवालीने ती नाकाशी नेली. मग तिने माझ्याकडे बघितलं.

"भाभी, धोया?"

मी मान हलवली. कुत्री पकडणाऱ्या नगरपालिकेच्या गाडीवाल्यांना ही बाई भर रस्त्यात शिव्या देते. मला तिने नुसती गोधडी परत दिली. तिने मला चार लोकांत फाडून खाल्लं असतं तर मी आज जरा सुखाने झोपले असते.

मग ती हळू आवाजात म्हणाली, "उद्यापासून तुम्ही बसा. चिंचेखाली, झुडपाकडे पाठ करून. आणि अंगावरचा गाऊन बदलायचा नाही. साबण नाही, पावडर नाही. तुमचाच वास तिला आणेल."

चार दिवस मी अंगाला साबण लावला नाही. एकच निळ्या फुलांचा गाऊन, वरून ओढणी. सकाळी रिक्षाने बदलापूरला जायचं, चिंचेखाली चटई टाकून बसायचं, संध्याकाळी उजेड आहे तोवर परत यायचं. सोबत वालांचं भांडं. हे लांब सोसायटीच्या भिंतीशी खुर्चीवर बसायचे, कारण दोन माणसं नकोत. फेब्रुवारीचं ऊन चढायचं, अंगाला घामाचा वास येऊ लागला. टॉवरच्या गॅलऱ्यांतून लोक बघायचे. एका मुलाने मोबाइलवर माझा फोटो काढला. एरवी मी त्याच्या आईला जाऊन चार गोष्टी सुनावल्या असत्या. तेव्हा माझं सगळं लक्ष मानेखालच्या वीतभर जागेकडे होतं. वारा आला तरी वाटायचं, आली.

तिसऱ्या दिवशी सकाळी, आदल्या संध्याकाळी चिंचेखाली ठेवलेला दहीभात कुणीतरी खाल्लेला दिसला. ओल्या मातीत पावलं होती. कॅम्पवालीने फोटो बघून सांगितलं, तिचीच असतील. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "आज गाऊन इथेच सोडून जा. माणूस नसताना ती येते." मी त्या मुलीच्या घरी जाऊन दुसरा गाऊन घातला आणि चार दिवसांचा तो मळका, घामट गाऊन चिंचेखाली पसरून ठेवला. शेजारी भाताचं भांडं. असा कपडा उघड्यावर टाकताना आयुष्यात पहिल्यांदा मला लाज वाटली नाही. परत येताना रिक्षात मी ह्यांना म्हटलं, "उद्या ती मिळणार बघा." हे म्हणाले, "मिळाली की आता कुणाला द्यायची नाही." मी म्हटलं, "नाही द्यायची."

सकाळी चिंचेखाली गाऊन नव्हता.

भाताचं भांडं होतं, रिकामं. मी झुडपात बघितलं, नाल्यात बघितलं. मग मान वर केली तर पलीकडे गावठाणातल्या पहिल्याच घराच्या अंगणात दोरीवर माझा निळ्या फुलांचा गाऊन वाळत होता. त्यातून पाणी ठिबकत होतं.

अंगणात माझ्याच वयाची एक बाई अंगण झाडत होती. तिचं अंगण बघून मला समजायला हवं होतं, तुळशीभोवती एक पान पडलेलं नव्हतं. ती हसून पुढे आली.

"तुमचा हाय का गाऊन, बाय? सकाली बघते तं चिचेखाली पडलेला. मना वाटला, कुनाचा तरी टावरवरशी वाऱ्यान उडाला. लय मलका झालेला. म्हटला धुवून ठेवू, कोन तरी शोधीत येल." आणि मग कौतुकाने म्हणाली, "खिसा उसवलेला, तो पन शिवला."

मी विचारलं, "त्याच्यावर कुत्रं होतं का?"

"व्हता ना. गोल व्हऊन झोपलेला, तोंड आत खुपसून. उठंचना बघा. मंग झाडू घेऊन समोर गेले, तवा पलाला."

"पाठीवर डाग होता?"

"हा. भाजल्यावानी. तुमचा हाय का कुत्रा?"

मी तिच्या पायरीवर बसले. तिने पाणी आणलं, तांब्या घासून लखलखीत केलेला. मी तिला कसं सांगितलं ते आठवत नाही. ऐकता ऐकता तिने कपाळावर हात मारून घेतला. "मना काय म्हाईत, बाय. मना काय म्हाईत." मला तिचा राग यायला हवा होता. मी राग शोधला, पण तो सापडला नाही. कुणाची मळकी वस्तू दिसली की धुऊन, शिवून, घडी घालून परत करायची. मीही हेच केलं असतं. केलंच होतं.

त्यानंतर आमची बाई आली नाही. मी आणखी दोन आठवडे बसले. ती गावठाणातली बाई घरचं आवरून रोज माझ्या शेजारी येऊन बसायची, झुडपाकडे पाठ करून, आणि माझे वाल सोलायची. कॅम्पवालीने खांबाखांबावर फोटो चिकटवले. तीन-चार फोन आले, दर वेळी धावत गेलो, दर वेळी दुसरंच कुत्रं. भात खाल्लेला दिसायचा, पण पावलं मांजरांची. एका संध्याकाळी हे खुर्चीवरून उठून माझ्याजवळ आले, वालांचं भांडं उचललं आणि म्हणाले, "चल आता." पाय इतके आखडले होते की ह्यांना आणि त्या गावठाणातल्या बाईला मिळून मला उठवावं लागलं.

आमची बाई मेली असं कुणी मला सांगितलेलं नाही. ती जिवंत आहे असंही नाही. पण ती त्या गाऊनमध्ये तोंड खुपसून झोपली होती, एवढं मला माहीत आहे. म्हणजे तिला मी सापडले होते. आणि मग समोरून झाडू आला. ती काय समजली असेल, या प्रश्नापाशी मी रोज जाते आणि परत येते.

पुढे वर्षभर कॅम्पवालीने आमच्याकडे कुणाला आणलं नाही, मीही विचारलं नाही. अस्तराचं कापड घ्यायला गेले की आम्ही कापडाबद्दल बोलायचो. मग या पावसाळ्यात तिने ह्यांना फोन केला, मला नाही. एक काळा बुवा आला, दीड महिना न्हाणीघराच्या कोपऱ्यात बसून राहिला, आणि मी पुन्हा वाल भिजत घातले. गेल्या महिन्यात त्याला घर मिळालं, इथेच, अंबरनाथला. त्याची चादर मी पिशवीत घालून दिली. न्यायला आलेल्या बाईंनी पिशवी उघडली आणि चेहरा जरा मागे घेतला.

"काकू, हिला वास येतोय हो."

"येऊ दे," मी म्हटलं. "माझा आहे. महिनाभर धुऊ नका. हात जोडते तुम्हाला."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना मी घाणेरडी बाई वाटले असेन. बुवा त्या चादरीवर झोपतो, असा दुसऱ्या दिवशी त्यांचा फोटो आला.

आईची गोधडी मात्र मी कुणालाच देत नाही. बदलापूरहून ती जशी परत आली तशी बरेच महिने कपाटात होती, साबणाचा वास येत. मग एक दिवस मी ती काढली आणि पांघरून झोपू लागले. रोज, दुपारीसुद्धा. आता तिला खोबरेल तेलाचा वास येतो, घामाचा येतो, ओट्यावरच्या फोडणीचा येतो. उजेडात धरली की मळकी दिसते. बदलापूरला न्यायची होती तेव्हा ती जशी असायला हवी होती, अगदी तशी झाली आहे. दुपारी मी ती पलंगाखाली सरकवते आणि पलंगाकडे पाठ करून वाल सोलायला बसते. परवा हे म्हणाले, "गोधडी धुवायला झालीय." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पुढचा दाणा चिमटीत घेतला.